दुर्बिणीचं भोक कुठे असतं?

प्रश्न : आमचं घर दापोली तालुक्यात, खाडीकाठी. बाबा आता ७४ वर्षांचे आहेत. दिवसाचा बराच वेळ ते पडवीत बसून खाडीकडे बघत असतात. समोर बगळे, खंड्या, घारी, कधीमधी समुद्र गरुडही येतो. गेल्या दिवाळीत मी त्यांना खिशात मावेल अशी १०×२५ची दुर्बीण आणली. पण त्यांच्या हाताला थोडा कंप आहे. चित्र नाचतं आणि पाच मिनिटांत ते दुर्बीण बाजूला ठेवतात. भाच्याचा कॅमेऱ्याचा ट्रायपॉड घरात पडून आहे. त्यावर बसवावी म्हणून दुर्बीण उलटीसुलटी करून पाहिली, तर कॅमेऱ्याला खाली असतं तसं भोकच सापडेना. ते असतं कुठे? की माझी निवडच चुकली? दुकानदार म्हणतो, वीस पटीची घ्या, लांबचं स्पष्ट दिसेल.
– एक वाचक, दापोली

उत्तर : दुकानदाराचा सल्ला आधी निकालात काढू, कारण तो ऐकलात तर बाबा पाच मिनिटांच्या जागी एका मिनिटात दुर्बीण बाजूला ठेवतील. दुर्बीण पक्षी जितक्या पटीने मोठा दाखवते, तितक्याच पटीने हाताची थरथरही मोठी करते. दहा पटीत बगळा दहापट जवळ आला तर थरथरही दहापट वाढली. वीस पटीत बगळ्याचा नुसता पांढरा फराटा उरेल. धडधाकट तरुणालाही दहाच्या वरची दुर्बीण हातात धरून नीट बघता येत नाही. कंप असलेल्या हाताला सहा ते आठ पट पुष्कळ झाले. बाबांना हवं आहे ते थांबलेलं चित्र. ते केवढं, हा प्रश्न नंतरचा.

निवड चुकली का? अर्धी चुकली म्हणू. त्यासाठी दुर्बिणीवरचे आकडे पाहावे लागतील. पहिला पटीचा. दुसरा, तुमच्या दुर्बिणीवरचा २५, म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. हे दोन्ही दुर्बिणीवर छापलेले असतात. तिसरा आकडा कुणी छापत नाही आणि बाबांच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा तोच. दुर्बीण खिडकीच्या उजेडाकडे करून हातभर लांब धरा आणि डोळे लावायच्या बाजूने तिच्याकडे पाहा. दोन्ही काचांच्या मधोमध उजेडाची एकेक गोल टिकली दिसेल. दुर्बिणीत शिरलेला सगळा उजेड त्या टिकलीतून बाहेर पडतो. तिचं माप काढायला भिंगाच्या व्यासाला पटीने भागायचं : २५ भागिले १०, अडीच मिलिमीटर.

आता डोळ्याकडे वळू. डोळ्याची बाहुली लख्ख दिवसा दोन-तीन मिलिमीटर असते. म्हणजे बाहुली आणि टिकली जवळपास एका मापाच्या. एकीवर दुसरी नेमकी बसली तर चित्र दिसतं, केसभर सरकली की कड काळी पडते. स्थिर हाताला याचा फारसा त्रास होत नाही, थरथरत्या हाताला मात्र हे सुईत दोरा ओवण्यासारखं होतं. बाबा तुमच्याशी बोलताना ‘चित्र नाचतं’ म्हणत असतील, पण त्यांना विचारून बघा, ‘मधेच काळं होतं का?’ म्हणून. बहुधा हो म्हणतील. ८×४२ दुर्बिणीत ही टिकली सव्वापाच मिलिमीटरची होते. तिच्यात बाहुली इकडेतिकडे हिंडली तरी उजेडाबाहेर जात नाही. जहाजांवर ७×५०ची दुर्बीण वापरायची जुनी पद्धत आहे. तिची टिकली सात मिलिमीटरची, म्हणजे डोलत्या डेकवरही चित्र सुटत नाही आणि रात्रीही उजेड भरपूर. पण रात्री बाहुली सात मिलिमीटर उघडते ती तरुणपणी. उतारवयात ती पाचाच्या आसपास अडते, आणि मग सातातला निम्मा उजेड बुबुळावरच सांडतो. म्हणून बाबांसाठी ७×५०चं ओझं घेण्यात अर्थ नाही.

आकड्यांचा विषय निघालाच आहे तर एक कबुली देतो. फार वर्षांपूर्वी एका थंड हवेच्या ठिकाणी, पॉइंटावर मांडलेल्या टपरीतून मी ‘३०×६०’ असं ठसठशीत छापलेली दुर्बीण घेतली होती. मूठभर आकाराची, पुढे माणकासारखी लाल चकाकणारी भिंगं. घरी आल्यावर शाळेतल्या पट्टीने भिंग मोजलं, २२ मिलिमीटर. टिकली मोजली, पावणेतीन. भागाकार केला, आठ. साठाचे बावीस आणि तिसाचे आठ! शिवाय त्या लाल काचांनी उजेडातला लाल भाग बाहेरच परतवलेला, त्यामुळे समोरचा डोंगर आजारी माणसासारखा हिरवट-निळा दिसायचा. तेव्हापासून मी दुकानात जाताना खिशात सहा इंची पट्टी नेतो. दुकानदार हसतात, हसोत.

चांगल्या भिंगावरचा लेप फिका हिरवा किंवा जांभळट दिसतो. त्या लेपाचं महत्त्व मोठं आहे. काचेच्या प्रत्येक उघड्या पृष्ठभागावरून चार-पाच टक्के उजेड मागे फिरतो. दुर्बिणीच्या एका नळीत असे दहा पृष्ठभाग धरले तर एक तृतीयांश उजेड वाटेतच गळाला. हा तोटा थांबवणारा लेप १९३५मध्ये झाइस कंपनीतल्या अलेक्झांडर स्माकुला यांनी शोधला. आज खोक्यावर ‘फुली मल्टिकोटेड’ लिहिलेलं असेल तर सगळ्या पृष्ठभागांवर लेपाचे अनेक थर आहेत असं समजायचं. नुसतं ‘कोटेड’ असेल तर एखाद-दुसऱ्या काचेवर एक हात फिरवलाय इतकंच.

आता भोक. कॅमेऱ्याचं पोटाखाली असतं, दुर्बिणीचं तिथे शोधू नका. दोन नळ्या जोडणारी मधली बिजागरी आहे ना, तिचं पुढचं टोक बघा, मोठ्या भिंगांच्या बाजूचं. तिथे एक गोल टोपण असतं, त्यावर बरेचदा कंपनीची खूण. ते उलटं फिरवलं की निघतं आणि आत आटे दिसतात. मात्र ही सोय ८×४२, १०×५० अशा पूर्ण मापाच्या दुर्बिणींत. तुमची घडी होणारी आहे. तिला एकाऐवजी दोन बिजागऱ्या, मधला पूल बोटभर, त्यात आटे पाडायला जागा कुठून येणार? तेव्हा टोपणासारखं काही दिसलं तरी ते सहज फिरत नसेल तर पक्कड लावू नका. ते शोभेचं असतं आणि उपटलं की दुर्बीण गेली.

छोट्या दुर्बिणींतही अपवाद आहेत. जुन्या, खांदे उंचावलेल्या दुर्बिणी तुम्ही चित्रपटांतल्या सेनाधिकाऱ्यांच्या गळ्यात पाहिल्या असतील. त्यांच्यातली लोलकांची रचना इटलीच्या इग्नाझिओ पोरो यांची, १८५४ची. तीच उलटी वळवून पुढची भिंगं एकमेकांच्या जवळ आणली की आटोपशीर, एका बिजागरीची, सपाट पोटाची दुर्बीण होते. पेंटॅक्सची पॅपिलिओ ही अशीच, तिच्या पोटाला ट्रायपॉडसाठी आटे आहेत. ती साडेसहा पटीची मिळते आणि अवघ्या अर्ध्या मीटरवरचं फुलपाखरूही दाखवते. पडवीत बसणाऱ्या माणसाला अंगणातली जास्वंदसुद्धा बघायची असते, हे दुर्बीण विकणारे विसरतात.

पण तुमच्याकडे आहे ती दुर्बीण टाकून द्यायचं कारण नाही. तिला पाट करून द्या. सुताराकडून तळहाताएवढा, पाऊण-एक इंच जाड सागवानी तुकडा घ्या. खालच्या बाजूला मधोमध भोक पाडून त्यात दोन सुती नट बसवा, एपॉक्सीने चिकटवा. नट तळाशी अगदी सपाटीला यायला हवा, कारण ट्रायपॉडच्या पट्टीचा स्क्रू जेमतेम पाच-सहा मिलिमीटर वर येतो. नट आत खोल गेला तर पोचतच नाही. वरच्या बाजूला जुन्या रबरी चटईचा तुकडा चिकटवा, त्यावर दुर्बीण ठेवा आणि सायकलच्या जुन्या ट्यूबचे इंचभर रुंदीचे दोन काप करून तिला बांधा, एक पुढे, एक मागे. फोकसचं चाक मोकळं राहिलं पाहिजे. बांधण्याआधी नळ्यांमधलं अंतर बाबांच्या डोळ्यांना जुळवून घ्या. घडीच्या दुर्बिणीचा एरवीचा दुर्गुण, म्हणजे दर वेळी उघडल्यावर हे अंतर पुन्हा जुळवावं लागणं, इथे आपोआप मिटतो. रबर ताणून एकाच नळीवर दाब देऊ नका, नळ्या एकमेकींना समांतर राहिल्या नाहीत तर दोन चित्रं दिसू लागतात आणि डोकं दुखतं. बाजारात याच कामासाठी पट्ट्याने बांधायचे तयार तख्तेही मिळतात. मोबाइल धरायच्या चिमट्यात एक नळी पकडून भागवणारे लोक मी पाहिले आहेत. दुसरी नळी मग लोंबकळते. तो प्रकार नको.

नट घेताना एक सांभाळा. कॅमेऱ्याचे आणि दुर्बिणीचे आटे पाव इंची, म्हणजे आपल्या हार्डवेअरवाल्याच्या भाषेत दोन सुती, इंचाला वीस. दोन सुती जुन्या व्हिटवर्थ आट्यांचा नट मागितलात तर तो चालतो. पण हल्ली गल्ल्यावरचा मुलगा सरसकट सहा मिलिमीटरचा काढून देतो. दिसायला दोन्ही जुळी भावंडं! सहा मिलिमीटरचे आटे जरा बारीक आणि अंतरानेही वेगळे. त्यात ट्रायपॉडचा स्क्रू रेटलात तर दोन्हीकडचे आटे झिजतील. ट्रायपॉडची पट्टी सोबत न्या आणि दुकानातच बोटाने फिरवून पाहा. तीन-चार फेरे अडखळल्याशिवाय गेले की तोच नट.

पुढे-मागे मोठी दुर्बीण घेतलीत तर पाट लागणार नाही. इंग्रजी ‘एल’सारखी धातूची पट्टी मिळते, काही शे रुपयांत. तिचा आडवा स्क्रू बिजागरीच्या भोकात जातो, उभा पाय खाली ट्रायपॉडवर बसतो. प्लास्टिकची घेऊ नका, ती स्वतःच हलते. आणि दोन नळ्यांच्या फटीत ती मावते का ते दुर्बीण सोबत नेऊन पाहा. नळ्या सरळ असलेल्या आधुनिक दुर्बिणींत ही फट अरुंद असते. ज्यांचे डोळे जवळजवळ आहेत त्यांनी नळ्या मिटायला घेतल्या की पट्टी मधे अडते.

ट्रायपॉड लावण्यातही थोडी अक्कल लागते. बाबांना उभं करू नका. हात असलेली खुर्ची घ्या, एक पाय खाडीच्या दिशेला आणि दोन पाय खुर्चीच्या दोन अंगांना येतील असा ट्रायपॉड मांडा, म्हणजे बाबांचे पाय मधल्या जागेत मोकळे राहतात. उंची वाढवायची तर जाड नळ्या आधी उघडा, बारीक शेवटी, आणि मधला दांडा शक्यतो वर काढूच नका. तो वर गेला की ट्रायपॉड ऊस डोलावा तसा डोलतो. डोकं लांब दांडी असलेलं, आडवं-उभं वेगवेगळं फिरणारं असेल तर उत्तम. गोळ्यावर फिरणारं डोकं कॅमेऱ्याला छान, पण सैल केलं की दुर्बीण मान टाकते. मळसूत्र इतपतच आवळा की दांडीला बोट लावलं तर दुर्बीण वळावी आणि बोट काढलं तर थांबावी. एकदा फोकस झाला की बाबांनी हात मांडीवर ठेवायचे. हे सांगून लगेच जमत नाही. जन्मभराची सवय दुर्बीण धरायची असते. दोन दिवस लागतील.

खरं सांगायचं तर उडती घार ट्रायपॉडवरून पाहणं जिकिरीचं आहे. बसलेला बगळा, वाळूत उभा गरुड, होडीवरचे खलाशी, यांना ट्रायपॉड छान. उडणाऱ्यांसाठी काठी बरी. फिनलंडमधले पक्षिनिरीक्षक दुर्बिणीखाली एक आखूड काठी जोडतात आणि ती कमरेपाशी धरतात, म्हणजे हात खाली, कोपर अंगाला टेकलेलं, खांदे सैल. बसून बघणाऱ्यासाठी मी त्याचं कोकणी रूप सुचवतो : साडेतीन फुटांचा बांबू जमिनीवर टेकवायचा, वरच्या टोकाला मुठीत बांबू आणि दुर्बीण एकत्र धरायची. थरथर पूर्ण जात नाही, पण जमीन तिच्यातला मोठा वाटा घेते. त्याहून सोपं म्हणजे पडवीच्या कठड्यावर तांदळाची पुरचुंडी ठेवून तिच्यात दुर्बीण रुतवायची. पाहुणे आल्यावर ‘हे काय?’ विचारतील, तेवढाच त्रास.

कंप जास्त असेल आणि पैशांची अडचण नसेल तर चित्र स्थिर करणाऱ्या, बॅटरीवर चालणाऱ्या दुर्बिणी आहेत. कॅननच्या ८×२० आणि १०×२० यांपैकी लहान. पण भिंग २० मिलिमीटरचं, म्हणजे टिकली पुन्हा अडीच आणि दोनच. चित्र थांबेल, डोळ्याची जागा मात्र सापडवावी लागेल. घ्यायच्या आधी बाबांच्या हातात देऊन पाहा, घरपोच मागवू नका.

नवी दुर्बीण घ्यायची झालीच तर माझं मत ८×३२ किंवा ८×४२. तुम्ही म्हणाल, आम्हाला तर लहान हवी होती. लहान दुर्बीण ही चालणाऱ्यासाठी असते. ३०० ग्रॅमचं यंत्र खिशात टाकून गड चढणाऱ्याला तिच्यासारखं सुख नाही, आणि घरी राहिलेल्या मोठ्या दुर्बिणीपेक्षा खिशातली लहान कधीही चांगली. पण बाबा बसलेले आहेत. ट्रायपॉडवर ६५० ग्रॅम काय आणि ३०० काय! लहानपणाचा फायदाच जिथे उरत नाही तिथे तिचे तोटे का सोसायचे? शिवाय साध्या ८×२५मध्ये एक किलोमीटरवरचा साधारण ११० मीटरचा पट्टा दिसतो, चांगल्या ८×४२मध्ये १४०चा. पक्षी शोधायला तो फरक फार कामी येतो.

चष्म्याबद्दल तुम्ही लिहिलं नाहीत, पण ७४व्या वर्षी असणारच. चष्मा ठेवून बघायचं तर डोळा काचेपासून लांब राहतो, आणि तेवढ्या अंतरावरही पूर्ण चित्र दिसायला हवं. पेटीवरच्या माहितीत ‘आय रिलीफ’ या नावाने हे अंतर देतात. ते १५-१६ मिलिमीटरच्या खाली नको. लहान दुर्बिणींत ते बरेचदा कमी असतं, मग चष्मा लावलेल्याला कुलपाच्या भोकातून पाहिल्यासारखं दिसतं. डोळ्यांभोवतीची रबरी कडी दुमडून किंवा फिरवून खाली करायची, हे कित्येकांना माहीतच नसतं. साधा नंबर असेल तर चष्मा काढूनही बघता येतं, फोकस तो भरून काढतो. सिलिंडर असेल तर फोकसच्या बापालाही जमणार नाही, चष्मा हवाच.

आणि दोन डोळ्यांचे नंबर सारखे नसतात. उजव्या नळीला बहुधा एक स्वतंत्र कडं असतं, काही दुर्बिणींत ते डाव्या नळीला. ते जुळवलं नाही तर एक डोळा सतत ओढला जातो. उजव्या बाजूला कडं असेल तर आधी उजवं पुढचं भिंग हाताने झाकून, मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला एखादी स्थिर वस्तू, समजा माडाचा शेंडा, स्पष्ट करायची. मग डावं झाकायचं आणि चाकाला हात न लावता उजव्या कड्याने तोच शेंडा स्पष्ट करायचा. कड्यावर त्या जागी पांढऱ्या रंगाचा ठिपका देऊन ठेवा. नातवंडं फिरवणारच आहेत.

प्रश्न : मी नववीत आहे. वाढदिवसाला १०×२५ची दुर्बीण मिळाली. ट्रायपॉड लावला तर गच्चीवरून शनीची कडी दिसतील, असं आमचे सर म्हणाले. खरं का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : सरांना सांग, ट्रायपॉडचं बरोबर, कड्यांचं नाही. कडी वेगळी दिसायला पंचवीस पट तरी लागते. तुझ्या दुर्बिणीत शनी फार तर किंचित लांबट ठिपका वाटेल. वाईट वाटून घेऊ नकोस. १६१०मध्ये गॅलिलिओने शनीकडे पाहिलं तेव्हा त्याच्याकडची दुर्बीण तुझ्याहून दुप्पट पटीची होती, तरी ती कडी आहेत हे त्याला उमगलं नाही, त्याला शनीच्या दोन बाजूंना दोन गोळे वाटले. कडं आहे हे क्रिस्टियान हायगन्सने १६५९मध्ये छापून सांगितलं.

गॅलिलिओने त्याच १६१०च्या जानेवारीत पाहिलेले गुरूचे चार चंद्र मात्र तुला दिसतील, आणि तिथेच ट्रायपॉडची किंमत कळेल. हातात धरलीस तर गुरू म्हणजे थरथरणारी ठिणगी. गच्चीच्या कठड्यावर टेकवलीस, किंवा ट्रायपॉडला बांधलीस, की त्या ठिणगीच्या अंगाला एका रेषेत बारीक ठिपके उमटतात. कधी चार, कधी तीन, कारण एखादा गुरूच्या पुढे किंवा मागे गेलेला असतो. रोज एकाच वेळी वहीत त्यांच्या जागा काढ. सगळ्यात आतला आयो साडेबेचाळीस तासांत फेरी पुरी करतो, म्हणजे आठवडाभरात तुझ्या वहीत त्याची धावपळ दिसेल.

कृत्तिका बघ. नुसत्या डोळ्यांना सहा-सात तारे, दुर्बिणीत डझनावारी, आणि सगळा पुंजका एका चौकटीत मावतो. मोठ्या दुर्बिणींना तो जमत नाही, त्यांची चौकट फार लहान. चंद्र पौर्णिमेला पाहू नकोस, तेव्हा तो थाळीसारखा सपाट असतो. अष्टमीच्या आसपास उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या कडा उठून दिसतात. पृथ्वी तासाला पंधरा अंश फिरते. तुझ्या चौकटीची रुंदी सहा अंशांच्या आसपास धरली, तर मधोमध आणलेला तारा बारा मिनिटांत कडेला जाईल. साध्या ट्रायपॉडला तेवढं पुष्कळ आहे, अधूनमधून जरा सरकवायचं. फक्त डोक्यावरचं आकाश ट्रायपॉडवरून बघायला जाऊ नकोस, मान मोडते. त्यासाठी चटई घाल, उशी घे, कोपरं छातीला टेकव.

भिंगाचा २५चा आकडा ताऱ्यांच्या बाबतीत तोकडा आहे. ४२च्या भिंगात तुझ्याहून पावणेतीनपट जास्त उजेड शिरतो. तरी वर्षभर पुरेल इतकं तुझ्या दुर्बिणीत आहे. कडी बघायची हौस मात्र पुण्यात सहज फिटेल. तिथली ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४पासून लोकांना आकाश दाखवते आहे, त्यांच्या एखाद्या कार्यक्रमाला जा. आणि सूर्याकडे दुर्बीण कधीही, सूर्यास्तालाही, रोखायची नाही. एका क्षणात डोळा जातो.

प्रश्न : पावसाळ्यात कपाटात ठेवलेल्या दुर्बिणीच्या भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी आलंय. पुसून जात नाही.
– एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : बुरशी. पुसून जात नाही म्हणजे ती आतल्या बाजूला आहे, आणि घरी उघडायची नाही. लोलक जागेवरून हलले तर पुन्हा जुळत नाहीत. दुर्बीण महागाची असेल तर दुरुस्त करणाऱ्याकडे लवकर द्या, कारण बुरशी काचेवरचा लेप खाते आणि मग साफ करूनही डाग राहतो. स्वस्तातली असेल तर दुरुस्तीच्या पैशांत दुसरी येईल.

पुढची घेताना वॉटरप्रूफ आणि नायट्रोजन भरलेली घ्या. पाण्यात बुडवायला नव्हे, तर दमट हवा आत शिरू नये म्हणून. चामडी म्यानात घालून लाकडी कपाटात ठेवू नका, ते म्यान ओल धरून ठेवतं. घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलची मोठी पुडी टाकून ठेवा. रंग बदलणारे दाणे मिळतात, बदलले की कढईत मंद आचेवर परतून पुन्हा वापरता येतात. त्या कढईत नंतर पोहे करू नका. समुद्रावरून आल्यावर मीठ बसलेलं असतं, ते कोरड्या सदऱ्याने घासलं की काचेवर ओरखडे. आधी फुंकणीने वाळू उडवा, मग ओलसर मऊ कापड, मग कोरडं.